मुंगूस-घुबड विलीनीकरण आणि दोन साडू

भाऊसाहेबांनी ती बातमी तीन वेळा वाचली. पहिल्यांदा चष्म्याशिवाय वाचली, म्हणून खोटी वाटली. दुसऱ्यांदा चष्मा लावून वाचली, तेव्हा छपाईची चूक वाटली. तिसऱ्यांदा त्यांनी ती बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात वाचली आणि मग त्या बातमीला खरं होण्यावाचून इलाज उरला नाही. मुंगूस छाप आणि घुबड छाप या घडीचे चाकू बनवणाऱ्या दोन कंपन्या एक झाल्या होत्या.

"बरं झालं," बायको आतून म्हणाली. "आता तुमची दोघांची कटकट तरी संपेल."

दोघांची म्हणजे भाऊसाहेबांची आणि त्यांच्या साडूंची. साडू शाळेत चित्रकला शिकवायचे, त्यामुळे सगळे त्यांना मास्तर म्हणत. बायकोची धाकटी बहीण मास्तरांना दिली, त्या लग्नाच्या पंगतीतच दोघांना एकमेकांच्या खिशातले चाकू दिसले. भाऊसाहेबांचा मुंगूस, मास्तरांचा घुबड. तेव्हापासून सव्वीस वर्षं दर रविवारी मास्तर जेवायला येत, आणि जेवण झालं की चाकू निघत.

मुंगूस उघडायला कठीण. त्याच्या स्प्रिंगशी झटताना अंगठ्याचं नख जायचं. भाऊसाहेबांना हाच त्याचा मोठेपणा वाटे. त्यांनी आयुष्यभर जन्ममृत्यू नोंदणीच्या कार्यालयात हेडक्लार्की केली होती, त्यामुळे सहजासहजी उघडणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. घुबड एका अंगठ्याने उघडतो, म्हणजे तो चारित्र्याने हलका, असं त्यांचं मत होतं. मास्तर म्हणत, "ज्याला उघडायला अर्ज करावा लागतो तो चाकू नव्हे, तुमचं ऑफिस आहे." मग भाऊसाहेब एक सफरचंद घेऊन त्याची साल एका सलग पट्टीत काढून दाखवत, आणि मास्तर पेन्सिलीला असं टोक काढत की ते बघणाऱ्याच्याच अंगावर काटा यावा. निकाल कधी लागला नाही. निकाल लावायची कोणाला घाईही नव्हती.

आणि आता ही बातमी. खाली नव्या कंपनीचं चित्र होतं. मुंगसाच्या पाठीवर घुबड बसलेलं. घुबड मुंगसावर स्वार झालंय की मुंगूस घुबडाला पळवून नेतंय, हे ज्याने त्याने आपल्या निष्ठेप्रमाणे ठरवायचं. चित्राखाली लिहिलं होतं : 'दर्जात कोणतीही तडजोड होणार नाही.' भाऊसाहेबांनी हे वाक्य बोटाने दाबून धरलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती, की कोणी विचारलेलं नसताना माणूस 'तसं काही नाही हं' म्हणाला, की ते तसंच असतं.

रविवारी मास्तर आले. जेवण झाल्यावर भाऊसाहेब घसा साफ करून म्हणाले, "वाचलंत?"

"वाचलं," मास्तर म्हणाले. "दर्जा बसला म्हणून समजा."

"बसलाच."

"पोलाद पातळ करतील."

"मूठ प्लास्टिकची करतील."

"करतीलच," मास्तर म्हणाले.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं, आणि एकमत झाल्यावर पुढे काय करतात हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. मास्तरांनी पंख्याकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी, मास्तर काय बघताहेत म्हणून, पंख्याकडे पाहिलं. मास्तर एरवी चहाचा दुसरा कप घेतल्याशिवाय उठत नसत, ते पहिला अर्धा ठेवून उठले. पुढच्या रविवारी निरोप आला, सर्दी झाली आहे. त्याच्या पुढच्या रविवारी सर्दीसुद्धा झाली नाही, नुसताच निरोप आला.

"ताईकडे एकटीच जा म्हणाले," धाकटी मेव्हणी जेवता जेवता सांगत होती. "म्हणाले, भाऊसाहेबांशी बोलायला आता काही राहिलं नाही."

भाऊसाहेबांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. पण त्या दुपारी त्यांना झोप लागली नाही. बोलायला एक मुलगा होता, तो परगावी. एक बायको होती, पण तिच्याशी भांडायचं तर हरावं लागे. मास्तर आले नाहीत तर रविवार नावाचा एक भलामोठा दिवस आठवड्याच्या टोकाला नुसता लोंबकळत राहणार, या विचाराने त्यांना भीती वाटली. अर्थात ही भीती त्यांनी स्वतःपाशीही कबूल केली नाही. आपल्याला दर्जाची काळजी वाटते आहे, असं त्यांनी ठरवलं.

दर्जाची काळजी वाटायला एक खाजगी कारणही होतं. त्यांच्या मुंगसाची स्प्रिंग गेली होती. दोन वर्षांपूर्वीच. ज्या चाकूच्या कडकपणावर त्यांनी इतकी वर्षं भाषणं दिली, तो आता खिशात आपणहून उघडत होता आणि एका लेंग्याचं नि दोन पँटींचं अस्तर त्याने फाडलं होतं. दर रविवारी भाऊसाहेब तो उघडताना दातओठ खाण्याचा अभिनय करत. ही गोष्ट मास्तरांना कळली असती, तर भाऊसाहेबांना गाव सोडावं लागलं असतं.

बातमीच्या शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ होती. जुन्या हमीपत्रावर जुन्या चाकूंची मोफत दुरुस्ती महिनाअखेरपर्यंतच, मूळ सुटे भाग शिल्लक असेतो. त्यानंतर नव्या कंपनीचे भाग बसवले जातील. भाऊसाहेबांनी मनाशी सगळं जुळवलं. अस्सल मुंगसाची अस्सल स्प्रिंग बसवून घ्यायची. मग मास्तरांना बोलावून म्हणायचं, बघा, हा शेवटचा खरा मुंगूस. एवढं ऐकल्यावर मास्तर गप्प बसणं शक्य नव्हतं.

हमीपत्र ट्रंकेत सापडलं. त्यावर 'आजन्म हमी' असं छापलेलं होतं. ज्या माणसाने हजारो लोकांचे जन्म आणि मृत्यू स्वतःच्या हाताने नोंदवले, त्याला हा शब्द मोघम वाटणं साहजिक होतं. त्यांनी कंपनीला फोन लावला. फोनमधून आवाज आला, मुंगूस ग्राहकांनी एक दाबा, घुबड ग्राहकांनी दोन दाबा. भाऊसाहेबांनी ताठ बसून एक दाबला. एक मुलगी बोलू लागली. त्यांना शंका आली म्हणून त्यांनी फोन ठेवला, पुन्हा लावला आणि मनावर दगड ठेवून दोन दाबला. तीच मुलगी बोलू लागली.

"आजन्म म्हणजे कोणाचा जन्म?" त्यांनी विचारलं. "माझा, चाकूचा की कंपनीचा?"

"उत्पादनाचं आयुष्य, सर."

"ते संपलं हे कसं ओळखायचं?"

"उत्पादन बिघडलं की संपतं, सर."

"म्हणजे बिघडेपर्यंत दुरुस्तीची हमी आहे."

"हो, सर. आणखी काही मदत करू शकते का?"

तरी त्या मुलीने दुरुस्ती केंद्राचा पत्ता दिला. तो ऐकून भाऊसाहेबांचा जीव भांड्यात पडला. केंद्र त्यांच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे होतं. ते चप्पल घालून तसेच निघाले. तिथे दाराला एक छोटी खिडकी होती आणि खिडकीतल्या माणसाने चाकूकडे न बघताच मान हलवली. केंद्रात वस्तू हातोहात घेत नाहीत. पार्सलनेच यायला हवी. "परत न्यायला मात्र या," तो म्हणाला, "पाठवायची सोय नाही." भाऊसाहेबांना राग आला नाही. उलट थोडं कौतुकच वाटलं. अशी पद्धत बसवायला डोकं लागतं, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

पार्सलच्या दुकानात काउंटरवर एक बाई होत्या. त्यांनी डबी हलवून पाहिली.

"आत काय आहे?"

"चाकू."

"धारदार वस्तू चालत नाही."

"चाकू आहे, बाई. धारदारच असणार."

"मग नाही जाणार. धार नसेल तर जाईल. हा फॉर्म भरा, 'सदर वस्तू धारदार नाही', खाली सही करा. आणि एक साक्षीदार लागेल. वस्तूला निदान पाच वर्षं ओळखणारा."

भाऊसाहेबांनी फॉर्म हातात घेतला आणि ते तिथेच उभे राहिले. सव्वीस वर्षं ज्याच्या धारेच्या शपथा घेतल्या, त्याला धार नाही असं लिहून द्यायचं. तेही साक्षीदारासमक्ष. त्यांनी डबीतून चाकू काढला, फॉर्मची घडी घातली, दोन्ही एकाच खिशात ठेवलं आणि ते घरी आले. वाटेत मुंगूस पुन्हा उघडला आणि फॉर्मला भोक पडलं. फॉर्मवर जे लिहून द्यायचं होतं ते किती खोटं आहे, याचा पुरावा फॉर्मलाच मिळाला.

शेजारी विम्याचे एजंट राहत. दुसऱ्याच्या अडचणीत त्यांना मनापासून रस असे. ते लगेच चहाला आले.

"द्या इकडे, मी करतो सही," एजंट म्हणाले.

"तुम्ही ओळखता का त्याला पाच वर्षं?"

"कोणाला?"

"चाकूला."

"भाऊसाहेब, मी तुम्हाला ओळखतो, तेवढं पुरे. मी तर रोज न वाचता सह्या घेतो आणि करतोही."

भाऊसाहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सहीच्या बाबतीत ते कडवे होते. खोट्या सहीवर जगात कोणी जन्मत नाही आणि कोणी मरत नाही, असं ते कार्यालयात नव्या लोकांना सांगत. "वस्तू धारदार आहे," ते म्हणाले, "आणि मी ती नाही असं लिहून देणार नाही."

"मग नसू द्या," एजंट बशीत चहा ओतत म्हणाले. "जिन्याच्या कडेवर घासा दहा-बारा वेळा. बोथट झाला की फॉर्म खरा."

सल्ला मूर्खपणाचा होता, पण कायद्यात बसत होता. एजंट गेल्यावर भाऊसाहेब जिन्यात जाऊन बसले. त्यांनी पातं दगडी पायरीला लावलं. एकदा घासलं. असा काही आवाज आला की वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई बाहेर येऊन विचारून गेल्या, दात दुखतो का म्हणून. दुसऱ्यांदा घासायला हात वळेना. पायरीवर बसून, मांडीवर उघडा चाकू ठेवून भाऊसाहेब बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी एकमेकांना ही बातमी सांगितली असावी, कारण अर्ध्या तासात बायको खाली आली.

"चाकू आत ठेवा आधी," ती म्हणाली. "लोक मला विचारताहेत, घरात सगळं ठीक आहे ना. आणि साक्षीदाराचं म्हणाल, तर त्या चाकूला सव्वीस वर्षं ओळखणारा एकच माणूस आहे. तुम्हालाही ठाऊक आहे तो कोण."

भाऊसाहेबांना ते पहिल्यापासून ठाऊक होतं. म्हणून तर ते जिन्यात बसले होते.

मास्तरांच्या घरी ते कधी रविवार सोडून गेले नव्हते, किंबहुना रविवारीही गेले नव्हते. मास्तरांनीच यायचं असा रिवाज होता. मेव्हणीने दार उघडलं आणि ती घाबरलीच. मास्तर टेबलाशी बसून मुलांची चित्रं तपासत होते. भाऊसाहेबांची नजर टेबलावर गेली आणि तिथेच खिळली. चित्रांच्या शेजारी, शाईच्या बाटलीला टेकून, एक लाल प्लास्टिकचं टोकयंत्र होतं. शाळेतली लहान मुलं वापरतात तसलं. त्याच्या भोवती पेन्सिलीच्या नाजूक, गोलाकार साली पडल्या होत्या.

"मास्तर," भाऊसाहेबांचा आवाज खाली आला, "हे काय?"

मास्तरांनी टोकयंत्रावर एक चित्र सरकवलं. पण उशीर झाला होता.

"घुबड कुठे आहे?"

मास्तर उठले, कपाटातून घुबड आणला आणि टेबलावर ठेवला. बरोबर एक पक्कडही ठेवली. "तीन वर्षं झाली," ते म्हणाले. "जाम झालाय. पकडीने ओढावा लागतो. तुमच्याकडे यायच्या आधी मी जिन्यात उघडून ठेवायचो आणि खिशात हात घालून वर यायचो."

भाऊसाहेबांना हसू यायला हवं होतं. सव्वीस वर्षांत असा मोका आला नव्हता. पण त्यांना डोळ्यांसमोर दिसले ते आपल्याच जिन्यात उभे राहून पकडीने चाकू ओढणारे मास्तर, दर रविवारी, तीन वर्षं. त्यांनी आपला मुंगूस काढला आणि टेबलावर ठेवला. हात लावायच्या आत तो आपणहून उघडला. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले.

"केव्हापासून?"

"दोन वर्षं."

"आणि ते दातओठ खाणं?"

"नाटक," भाऊसाहेब म्हणाले.

यावर मास्तरांनी पायांत चपला घातल्या.

पार्सलच्या दुकानात दोघांनी एकमेकांसाठी साक्ष द्यायची असं ठरलं, आणि मजकूर मालकाऐवजी साक्षीदाराने लिहून सही केली तरी बाईंना चालणार होतं. तत्त्वाचा प्रश्न होता, तो मास्तरांनी सोडवला. मुंगसाला धार नाही असं आपलं प्रामाणिक मत पहिल्या दिवसापासून आहे, तेव्हा आपली सही खोटी कशी, असं त्यांनी विचारलं. भाऊसाहेबांना हा युक्तिवाद झोंबला, पण तो उलटाही लागू पडत होता. मास्तरांनी आपल्या सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं, 'सदर वस्तू धारदार नाही', आणि शेऱ्याच्या रकान्यात भर घातली, 'पूर्वीही नव्हती.' भाऊसाहेबांनी घुबडाच्या फॉर्मवर कार्यालयीन भाषेत नोंद केली : 'सदर वस्तूस धार असल्याचे साक्षीदाराच्या पाहण्यात आजतागायत आलेले नाही.' दोघांनी एकमेकांचे शेरे वाचले. दोघांच्याही चेहऱ्यावर महिनाभरात पहिल्यांदा थोडा रंग आला.

पण माशी शिंकायची ती शिंकलीच. बाईंच्या यंत्रात कंपनीचं नाव एकच होतं. एका कंपनीकडे, एका दिवशी, एका प्रकारची दोन पार्सलं घातली की यंत्र म्हणे, हे आधीच गेलं आहे. बाईंनी चार वेळा करून पाहिलं. शेवटी त्यांनी दोन्ही चाकू एका खोक्यात घातले, चिकटपट्टी लावली आणि वर लिहिलं : 'घडीचा चाकू, एक जोड.'

"जोड नाही हो ती," भाऊसाहेब आणि मास्तर एकदमच म्हणाले.

"खोकं एक आहे ना," बाई म्हणाल्या, "मग जोडच." आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

आठ दिवसांनी दोघं पावती घेऊन केंद्रावर गेले. या वेळी खिडकीतल्या माणसाने आत घेतलं. आत एक लांब टेबल होतं आणि टेबलाच्या दोन टोकांना दोन म्हातारे कारागीर बसले होते, एकमेकांकडे पाठ करून. अलीकडच्याने पावती पाहून एका ट्रेमधून दोन चाकू काढले आणि समोर ठेवले.

दोन्ही चाकू स्वच्छ पुसलेले, तेल दिलेले. भाऊसाहेबांनी आपली ओळखीची काळी मूठ उचलली. अंगठ्याच्या नखाने पातं ओढलं. स्प्रिंग कडक होती, अंगठा दुखला, त्यांना भरून आलं. पण पातं बाहेर आलं आणि त्यावर घुबड बसलेलं होतं. तिकडे मास्तरांच्या तपकिरी मुठीतून मुंगूस बाहेर आलं होतं.

"हे काय केलंत?" भाऊसाहेबांनी विचारलं.

कारागिराने दोन्ही चाकू आलटून-पालटून पाहिले. "पावतीवर जोड लिहिलंय. म्हणून एकाच ट्रेमध्ये आले. मुठी मी करतो, पाती ते करतात." त्याने मान न वळवता मागे अंगठा दाखवला. "मी मुंगसाकडे एकोणीस वर्षं होतो. हे घुबडवाले."

"बावीस वर्षं," मागून आवाज आला.

"नवीन पद्धत आहे. त्यांनी पाती पाठवायची, मी बसवायची. कुठलं कशाचं हे ते सांगत नाहीत."

"विचारलं तर सांगेन ना," मागून आवाज आला.

भाऊसाहेबांनी महिनाभर मनात ठेवलेला प्रश्न शेवटी विचारला. "आणि दर्जाचं काय?"

"दर्जाला काय झालंय?" कारागीर म्हणाला. "हे पातं वाईट घासतात, ते आधीपासूनच घासायचे. माझी मूठ पक्की असते, ती आधीपासूनच असायची. एकच झालं, आता त्यांची चूक मला जवळून दिसते."

"आणि मला ह्यांची," मागून आवाज आला.

मग कारागिराने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि हात पुढे केला. "द्या. पाच मिनिटांचं काम आहे. ज्याचं त्याला लावून देतो."

भाऊसाहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर तपकिरी मुठीतल्या मुंगसाच्या पात्याने पावतीचा कोपरा कापून बघत होते. कागद सुरेख कापला गेला.

"मूठ घुबडाची आहे म्हणून," मास्तर स्वतःशीच म्हणाले. "पकड चांगली असली की कसलंही पातं चालतं."

"कापलं ते पात्याने," भाऊसाहेब म्हणाले. "मूठ नुसती धरलेली असते. आणि पातं कोणाचं आहे ते वाचा."

"असं? मग तुमच्या हातातलं पातं कोणाचं आहे? कापलं तर कौतुक कोणाचं करणार?"

"स्प्रिंगचं. पात्याला शिस्त लावली कोणी?"

"म्हणजे माझ्या घुबडाला तुमच्याकडे येऊन शिस्त लागली म्हणता?"

"लागतेच आहे. दर रविवारी कळेल तुम्हाला."

"बघू या ना. रविवारीच बघू."

कारागिराचा हात अजून पुढेच होता. एका वेलांटीसाठी माणसाचा जन्मदाखला तीन-तीन वेळा परत पाठवणाऱ्या भाऊसाहेबांनी चाकू मिटला, खिशात घातला आणि खिशावर हात ठेवला. मास्तरांचा चाकू त्याच्याही आधी खिशात गेला होता.

"राहू द्या हो," भाऊसाहेब कारागिराला म्हणाले. "तुमच्यामागे आधीच केवढी कामं. आमचं चालेल असंच."